पर्यंत

करारात छापलंय: वेग पन्नासपर्यंत.
त्या 'पर्यंत'मध्ये किती पाणी मावतं
ते मोजायला कंपनीनं मला धाडलं,
पुएर्तो मोंत्तहून बस, मग फेरी, मग नेल्सनची होडी,
पाठीवर लॅपटॉप, खिशात दोन फोन
आणि तक्रारींची यादी. नाव एकच:
ओर्फेलिना चिगुआय, वय एकसष्ट, शेवाळ वेचते.

माझ्यासाठी ती किनाऱ्यावरून लवकर वर आली होती.
बुटांचा चिखल दारात, हातात मातेची वाटी.
'कुठलं यंत्र खरं बोलतं?' तिनं विचारलं,
'फोन म्हणतो चार, मुलीचा जुना कॉम्प्युटर म्हणतो अकरा.'
मी ठरलेलं सांगितलं.
भिंती, चुलीचा पत्रा, मध्ये वायफाय अडतं.
वायर जोडा, बाकी सगळं बंद करा, मगच बटण दाबा.
काटा थरथरला. नऊ. सात. पुन्हा नऊ.
पिंग म्हणजे, मी समजावू लागलो,
हाक मारल्यावर ओ यायला लागणारा वेळ.
'ते ठाऊक आहे,' ती म्हणाली,
'नवरा धुक्यात होडी हाकायचा तेव्हा रोज मोजायचे.'

मग तिनं वही काढली.
शाळेची, चौकटीची. मागून पोत्यांचा हिशेब,
पुढून पाच महिन्यांचे आकडे, दिवसाला तीन:
येणारा वेग, जाणारा वेग,
आणि माझ्या कुठल्याच फॉर्मात नसलेला तिसरा रकाना,
पाणी कितव्या खुंटाला होतं.

मी बोट फिरवत गेलो.
भांगाच्या दिवसांत आकडे शहाण्यासारखे बसलेले,
उधाणात भेलकांडलेले.
ठार ओहोटीला अठ्ठेचाळीस.
भरती अर्ध्यावर आली की चार, दीड, शून्य दशांश सहा.

टॉवर पलीकडच्या किनाऱ्यावर. मध्ये खाडी.
लहर दोन वाटांनी येते,
एक सरळ, एक पाण्यावर आपटून,
आणि पाणी एका उंचीला पोचलं की
दोघी एकमेकींना पुसून टाकतात.
परीक्षेला हे दहा मार्कांना होतं. मला नऊ मिळाले.
अकरा वर्षं घरोघरी काटे बघत हिंडलो,
एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

'ओहोटीला चालतं हे कळलं मला,' ती म्हणाली,
'पण ओहोटीला मी कुठे असते?'
बाहेर पाणी चिखल झाकत येत होतं,
बायका पोती ओढत वर निघालेल्या.

यास्ना पुन्ता आरेनासच्या इस्पितळात, रात्रपाळीला.
मोकळी फक्त सकाळी.
सकाळी पाणी उतरलेलं असलं की आई चिखलात,
चढलेलं असलं की मुलगी पडद्यावर थिजलेली,
तोंड अर्धं उघडं.
'पुढचं वाक्य मीच पुरं करते.
बहुतेकदा चुकतं.'

मी अहवाल लिहिला: दुसरी तबकडी हवी, सहा मीटर खाली.
वहीच्या पानांचे फोटो जोडले.
रात्री ओहोटीवर उत्तर झटकन उतरलं.
सरासरी वेग कराराच्या मर्यादेत. तक्रार बंद.
तिला वाचून दाखवताना
मी 'बंद' हा शब्द गिळला.
तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला समुद्र पार लांब गेला होता.
बायका खाली उतरल्या. ती नाही उतरली.
केस विंचरून कॉम्प्युटरसमोर बसली.
मी अंगणात वायर गुंडाळत होतो, गुंडाळलेलीच.

'केस कापलेस?'
'मार्चमध्ये, आई.'

मग बराच वेळ दोघींचं हसणं, कुठे न तुटता,
आणि कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट, जी मला कळली नाही.
पाणी दुसऱ्या खुंटाला लागलं
तेव्हा खिडकीकडे न बघताच ती म्हणाली,
आता तू बोल, पटापट.

नेल्सननं खालून शीळ घातली.
निघताना पाहिलं, ती वहीत लिहीत होती.
सत्तेचाळीस. एकोणीस. पाणी: तळाला.
मग वही उलटी केली,
मागच्या पानावर तारीख घातली
आणि पोत्यांपुढे शून्य.